जाड प्लेटचा हात, पातळ पत्र्याचे मशीन

सुरतहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे इच्छापोर आणि त्याच्या पुढची कवास, मोरा ही गावे गेल्या काही दशकांत खत, नैसर्गिक वायू, वीज, पोलाद आणि जड अभियांत्रिकी यांच्या कारखान्यांबरोबर वाढली, आणि या कारखान्यांपैकी बहुतेकांचे काम वेल्डिंगवाचून चालत नसल्यामुळे हा व्यवसाय येथील असंख्य घरांच्या उदरनिर्वाहाचा आधार ठरला. फ्रान्समधील कादाराश येथे उभ्या राहत असलेल्या ‘ईटर’ या अणुसंमीलन प्रकल्पाचे बाह्य निर्वात पात्र, म्हणजे सुमारे ३० मीटर उंचीचे, तितक्याच व्यासाचे आणि ३,८५० टन वजनाचे स्टेनलेस स्टीलचे अजस्र भांडे, लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा येथील कारखान्यात खंडाखंडाने घडवले गेले आणि त्याच्या झाकणाचे शेवटचे भाग जून २०२० मध्ये येथून रवाना झाले. अशा कामात हात घालणाऱ्या कारागिराची परीक्षा आंतरराष्ट्रीय संहितेनुसार होते, त्याच्या जोडाची क्ष-किरणांनी तपासणी होते, आणि त्याच्या हाताला वर्षानुवर्षे जाड प्लेट जोडण्याची सवय लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून येऊन उधना, लिंबायत, दिंडोली भागात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील आयटीआयचा वेल्डर ट्रेड पूर्ण केलेली मुलेही या कामात आढळतात.

हाच कारागीर जेव्हा स्वतःच्या किंवा नातलगाच्या जुन्या गाडीचा सडलेला पत्रा घरच्या शेडमध्ये बदलण्याचे ठरवतो आणि त्यासाठी खिशाला परवडेल असे छोटे मशीन शोधू लागतो, तेव्हा त्याचा कारखान्यातला अनुभव त्याला अर्धी वाट अचूक दाखवतो आणि उरलेल्या अर्ध्या वाटेवर चुकवतो. जोड स्वच्छ असावा, अर्थिंगचा क्लॅम्प जोडाजवळ असावा, रॉड कोरडा असावा, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. परंतु मशीनची ताकद म्हणजे त्याचे कमाल अँपिअर, ही कारखान्यात रुजलेली धारणा मात्र तो दुकानातही घेऊन जातो. मोटारीच्या कामाचा विचार नेमका उलट्या टोकापासून करावा लागतो. मशीन किती जास्त करंट देते यापेक्षा ते किती कमी करंटवर आर्क न तुटू देता चालते, हा येथे निवडीचा खरा निकष आहे, आणि पुढील सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती फिरते.

मोटारीच्या बाहेरच्या अंगाचा पत्रा साधारणपणे ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. पत्र्याच्या बाजारात अजूनही गेजची भाषा चालते, आणि त्या भाषेत हा २२ गेजच्या आसपासचा पत्रा होय; दरवाजाखालची पेटीसारखी पट्टी, फ्लोअर आणि आतील आधार यांसाठी १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, तर काही मजबुतीच्या जागी १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर जाडी आढळते. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेली मारुती ८०० असो किंवा वालचंद हिराचंद यांच्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी असो, या गाड्यांना वेगळी चौकट नसते. पत्र्याचे सांगाडेच एकमेकांना स्पॉट वेल्डने, म्हणजे दोन पत्रे दाबून त्यांच्यातून क्षणभर विद्युतप्रवाह सोडून केलेल्या ठिपक्यासारख्या जोडाने, बांधून सारा भार पेलतात. जुन्या जीपची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्या पत्र्याखाली जाड लोखंडाची स्वतंत्र चेसिस असते आणि तेथे कारखान्यातल्या हाताला ओळखीचे काम सापडते.

मऊ पोलादाच्या पत्र्यासाठी दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर हा ढोबळ हिशेब वापरला, तर २२ गेजच्या पत्र्याला ३० अँपिअरच्या आसपास, १८ गेजला ५० आणि १४ गेजला ८० अँपिअर पुरतात, म्हणजेच जीपची चेसिस सोडल्यास मोटारीच्या शरीरावर १०० अँपिअरची गरज क्वचितच पडते. तरीही बाजारात सर्वाधिक खपणारे स्वस्त मशीन २०० किंवा २५० अँपिअरचा आकडा ठळकपणे मिरवते, आणि ते ३० अँपिअरवर कसे वागते याचा उल्लेख त्याच्या खोक्यावर कोठेही नसतो.

या आकड्यांची पारख करण्यासाठी वेल्डिंग मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेले एक साधे सूत्र उपयोगी पडते. रॉडच्या वेल्डिंगसाठी आर्कचा प्रमाण व्होल्टेज २० अधिक करंटच्या शंभर भागांपैकी चार भाग इतका धरतात. म्हणून २०० अँपिअरला तो २८ व्होल्ट होतो आणि बाहेर पडणारी शक्ती ५.६ किलोवॅट भरते, तर २५० अँपिअरला ३० व्होल्ट आणि ७.५ किलोवॅट. घरातील मोठ्या प्लगची मर्यादा १६ अँपिअर असते, आणि २३० व्होल्टवर त्यातून सुमारे ३.७ किलोव्होल्ट-अँपिअरच मिळतात. मशीनमध्ये उष्णतेच्या रूपाने होणारा अपव्यय आणि स्वस्त मशीनचा कमी पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या हिश्श्याचे कमी प्रमाण, ध्यानात घेतला तर पूर्ण २०० अँपिअरसाठी मेनमधून ४० अँपिअरच्या घरात करंट लागेल. ज्या मशीनला १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग लावलेला आहे आणि ज्यावर २५० अँपिअर छापलेले आहे, त्या मशीनवरचा आकडा अशा रीतीने कागदावरच खोटा ठरतो, आणि तो खोटेपणा ओळखायला तंत्रज्ञाची गरज नाही, गुणाकार-भागाकार पुरेसा आहे. उलट मोटारीच्या पत्र्याला लागणारे ३० ते ८० अँपिअर याच प्लगवर निर्धोकपणे मिळू शकतात. म्हणून घरगुती कामासाठी अडचण विजेच्या तुटवड्याची नसून चुकीच्या अपेक्षेची असते.

दुसरी संज्ञा ड्यूटी सायकल. दहा मिनिटांच्या अवधीत मशीन तापून बंद न पडता किती वेळ सलग आर्क चालवू शकते, याचे ते प्रमाण आहे. ६० टक्के म्हणजे दहापैकी सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. मानकानुसार ही चाचणी ४० अंश सेल्सिअस तापमानात घ्यावयाची असते, परंतु अनेक स्वस्त मशीनचे आकडे २० किंवा २५ अंशांवर घेतलेले असतात, आणि सुरतेच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखालील हवा ४० अंशांच्या वर असताना ते आकडे सरळ खाली येतात. मशीनची उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, या नियमाने १४० अँपिअरला ३० टक्के ड्यूटी सायकल असलेले मशीन ९० अँपिअरला ७० टक्क्यांहून थोडे अधिक आणि ७७ अँपिअरला अखंड चालू शकते. पातळ पत्र्यावर तर अखंड रेघ ओढायचीच नसते. एक टाका मारून, थांबून, दुसरा टाका हातभर दूर मारायचा असतो. त्यामुळे माणूसच मशीनला पुरेशी विश्रांती देतो, आणि जड उद्योगात निर्णायक ठरणारा हा आकडा येथे दुय्यम होतो. स्वस्त मशीन मोटारीच्या कामाला पुरते ते याच कारणाने.

आता पद्धतींचा विचार. कागदावर सर्वांत स्वस्त पडते ते रॉडचे वेल्डिंग, ज्यात लेप दिलेली धातूची काडी वितळून जोडात उतरते आणि लेपाचा वायू व खपली वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतात. २.५ मिलिमीटरचा ६०१३ रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालतो, आणि हेच त्याचे मोटारीसाठीचे अपात्रत्व आहे, कारण एवढ्या उष्णतेत २२ गेजच्या पत्र्याला जोड लागण्याऐवजी भोक पडते. २ मिलिमीटरचा रॉड ४० ते ६० अँपिअरवर आणून कसलेला हात १८ गेजपर्यंत पोहोचतो, परंतु त्यापुढचा प्रत्येक यशस्वी इंच कौशल्याचा असतो, पद्धतीचा नव्हे. जीपच्या चेसिसचे पट्टे, घरच्या शेडचा स्टँड, इंजिन उचलण्याची घोडी, लोखंडी फाटक एवढेच काम असेल तर पाच ते दहा हजार रुपयांतले रॉडचे इन्व्हर्टर मशीन पुरेसे आहे आणि त्याहून महाग मशीन घेण्यात पैशाचा अपव्ययच आहे.

पत्र्यासाठी मिग पद्धतच योग्य, असे मत येथे स्पष्टपणे मांडावे लागते. मिगमध्ये रॉडऐवजी बारीक तार मोटरच्या साह्याने बंदुकीसारख्या टॉर्चमधून सतत पुढे येते, आणि कमी व्होल्टवर ती तार दर सेकंदाला अनेक वेळा वितळलेल्या धातूला टेकते, क्षणभर शॉर्ट होते, वितळून तुटते आणि पुन्हा टेकते. या तुटक हस्तांतरणामुळे उष्णता थेंबाथेंबाने पोहोचते आणि पत्रा शाबूत राहतो. ०.८ मिलिमीटरची तार सर्वत्र मिळते आणि ४० ते ५० अँपिअरपासून चालते. आणखी बारीक तार सापडली तर ती अधिक चांगली. दुकानात मशीन पाहताना म्हणूनच कमाल करंटची चाचणी मागू नये; २२ गेजचे दोन तुकडे सोबत न्यावेत, बटण सर्वांत खालच्या टोकाला ठेवावे आणि आर्कचा आवाज ऐकावा. तो एकसारखा तडतडत असेल तर तारेची गती आणि व्होल्टेज एकमेकांशी जुळले आहेत, आणि मध्येच फटफट होऊन तार पत्र्याला ढकलली जात असेल तर त्या मशीनची खालची पायरी कामाची नाही, मग वरची कितीही उंच असो. तार पुढे ढकलणारे रोलर व त्यांची पकड हा स्वस्त मशीनचा सर्वांत दुबळा भाग असतो. प्लास्टिकच्या चौकटीपेक्षा धातूच्या चौकटीतील फीडरसाठी हजार-दोन हजार रुपये अधिक मोजावे लागले तरी ते मोजावेत.

मिगच्या पोटात पुन्हा दोन वाटा आहेत, आणि इच्छापोरच्या परिसरात त्यांची निवड वाऱ्यावर अवलंबून राहते. घन तार वापरायची तर बाहेरून वायू लागतो. आपल्याकडे त्यासाठी कार्बन डायऑक्साइड स्वस्त आणि सहज मिळतो, आर्गॉन मिसळला तर शिंतोडे कमी होतात आणि पातळ पत्र्यावर आर्क मऊ चालतो, पण खर्च वाढतो. १ किलो कार्बन डायऑक्साइडपासून सुमारे ५४० लिटर वायू मिळतो. मिनिटाला १० लिटर प्रवाह धरला तर ५ किलोचा सिलिंडर साडेचार तास प्रत्यक्ष आर्कला पुरतो, आणि टाक्याटाक्याने काम करणाऱ्या माणसाला साडेचार तासांचा आर्क म्हणजे कित्येक रविवार. मात्र दुपारनंतर खंभातच्या आखाताकडून येणारे वारे उघड्या शेडमध्ये शिरले की वायूचे कवच उडून जाते आणि जोडात छिद्रे पडतात. हे टाळण्यासाठी वायूविना चालणारी फ्लक्स भरलेली तार मिळते, जिच्या पोटातील लेपच स्वतःचे कवच तयार करतो. तिचे आकर्षण मोठे आहे: सिलिंडर नको, रेग्युलेटर नको, डिपॉझिट नको. परंतु तिच्यासाठी टॉर्च ऋण टोकाला जोडावा लागतो, म्हणजे मशीनमध्ये ध्रुव बदलण्याची सोय हवी. शिंतोडे जास्त उडतात, खपली काढावी लागते, आणि २२ गेजवर ती घन तारेइतकी मवाळ राहत नाही. फ्लोअर व चेसिसला फ्लक्सची तार, बाहेरच्या पत्र्याला घन तार आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा, ही विभागणी पैसा आणि दर्जा दोन्ही सांभाळते. मशीन घेताना दोन्ही प्रकारांची सोय असलेलेच घ्यावे. ते रॉडच्या साध्या मशीनच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडते.

टिग, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने आर्क धरण्याच्या, पद्धतीचा येथे ओझरता उल्लेख पुरे. तिचा जोड सर्वांत देखणा, पण पत्रा गंजाचा लवलेशही नसलेला हवा, शुद्ध आर्गॉन हवा आणि दोन्ही हात मोकळे हवेत. गाडीखाली आडवे पडून वर पाहत काम करणाऱ्याला ती सोसत नाही. गॅस वेल्डिंग, म्हणजे ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत, डेंटिंगच्या जुन्या कारागिरांच्या हातात अप्रतिम चालते, परंतु तिची उष्णता रुंद पसरून सपाट पत्रा वाकतो, आणि अलीकडच्या गाड्यांतील उच्च ताकदीचे पोलाद तापल्याने आपली ताकद गमावते.

किमतीची बेरीज मशीनपाशी संपत नाही. आपोआप काळवंडणारी टोपी, चामडी हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, ग्राइंडर, निरनिराळ्या मापांचे क्लॅम्प, तारेचे रीळ आणि वायूची सामग्री धरली तर खर्च मशीनच्या किमतीच्या बरोबरीला पोहोचतो, आणि ज्याने सारे पैसे मशीनवरच ओतले त्याला क्लॅम्पविना पत्रा हाताने धरून टाका मारावा लागतो. लांब एक्स्टेन्शनचीही किंमत असते: १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या ३० मीटर केबलवर १६ अँपिअरला सुमारे १७ व्होल्ट वाटेतच जळतात, तर २.५ चौरस मिलिमीटरवर सुमारे ७, आणि मशीनचे दोष म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कित्येक तक्रारींचे मूळ या बारीक वायरीत असते.

मशीनच्या आयुष्यावर या किनाऱ्याच्या हवेचा परिणाम फार होतो, आणि याकडे खरेदीच्या वेळी जवळजवळ कोणी पाहत नाही. पूर्वीचे तेलात बुडवलेले ट्रान्सफॉर्मरचे मशीन माणसाच्या वजनाचे असे, पण त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. आजचे इन्व्हर्टर मशीन मेनचा प्रवाह आधी एकदिश करून इलेक्ट्रॉनिक स्विचांनी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते, म्हणून त्याला छोटा ट्रान्सफॉर्मर पुरतो आणि ते एका हाताने उचलता येते, पण त्याच्या आतला सर्किट बोर्ड पंख्याने ओढलेल्या हवेतच जगतो. त्या हवेत पावसाळ्याची ओल आणि समुद्राचे मीठ असते, आणि शेजारी ग्राइंडर चालत असेल तर लोखंडाची वाहक धूळही. ग्राइंडिंग करताना मशीन बंद करून दूर ठेवणे, काही महिन्यांनी ते उघडून कोरड्या हवेने झटकणे आणि पावसाळ्यात झाकून उंचावर ठेवणे, एवढी काळजी वॉरंटीच्या कागदापेक्षा अधिक कामी येते. वॉरंटीबाबत आणखी एक निकष असा की, बोर्ड दुरुस्त करणारा माणूस सुरतेत सापडतो का, हे आधी विचारावे. उधन्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या नियंत्रण पेट्या दुरुस्त करणाऱ्यांची परंपरा असल्यामुळे प्रचलित बांधणीच्या मशीनला तेथे उतारा मिळण्याची शक्यता असते, तर ज्याचे सुटे भाग कोणाकडेच नाहीत असे अनोळखी मशीन पहिल्या बिघाडातच भंगारात जाते.

गाड्यांवरही तीच हवा काम करते, आणि पुराच्या पाण्याची त्यात भर पडते. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात, उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडले गेले तेव्हा, सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला आणि बुडालेल्या असंख्य गाड्यांच्या बंद पोकळ्यांत गाळ शिरून राहिला. असा पत्रा आतून सडतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. अशा गाडीवर नवा तुकडा लावताना सडका भाग चमकदार धातू दिसेपर्यंत मागे कापावा लागतो, आणि वेल्डिंगनंतर जोडाच्या मागच्या बाजूला जस्तयुक्त प्रायमर व मेण पोहोचवले नाही तर जळालेल्या रंगाच्या जागी एका पावसाळ्यात पुन्हा गंज धरतो.

कारखान्यात सुरक्षेसाठी वेगळा अधिकारी असतो. घरी तो नसतो, म्हणून येथे जरा थांबणे आवश्यक आहे. रॉडच्या मशीनच्या होल्डरवर आर्क नसतानाही ६० ते ८० व्होल्ट उभे असतात, आणि घामाने भिजलेल्या अंगाला ओल्या फरशीवर तेवढे घातक ठरू शकतात; घरच्या मेनवरील गळती-रक्षक स्विच येथे वाचवत नाही, कारण मशीनची बाहेरची बाजू मेनपासून विलग असते. मिगची तार सहसा बटण दाबल्यावरच जिवंत होते, हा पावसाळी प्रदेशात तिचा मोठा गुण होय. जस्त चढवलेला पत्रा तापल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या धुराने रात्री ताप भरतो. क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेल्या भागावर आर्क चालवला तर त्याहून कितीतरी विषारी वायू तयार होऊ शकतो. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी वाफेने भरलेली असते, तिला घरी वेल्डिंग करू नये, ती बदलावी. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत बॅटरीची दोन्ही टोके काढल्याशिवाय टाका मारू नये. आणि स्टीअरिंगचे सांधे, सीटबेल्टचे आधार व सस्पेन्शनचे हात यांवर, हात कितीही कसलेला असला तरी, घरच्या मशीनने प्रयोग करू नयेत.

कायद्याची मर्यादाही ठाऊक असावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे मूळ रचनेतील बदलांना मज्जाव केला. सडलेल्या पत्र्याच्या जागी तसाच पत्रा लावणे ही दुरुस्ती आहे. जीपची चेसिस कापून लांबवणे हा बदल आहे. चेसिस क्रमांकाच्या आसपास ग्राइंडर फिरवण्याआधी तो भाग झाकून घ्यावा, कारण तो क्रमांक पुसट झाला तर गाडीची ओळखच प्रश्नात येते.

नवे मशीन घरी आल्यावर पहिला टाका गाडीवर मारला जाऊ नये. भंगारवाल्याकडून त्याच जातीच्या गाडीचा जुना दरवाजा किंवा बॉनेट आणून त्याच्या पट्ट्या कापाव्यात, एक पट्टी दुसरीवर चढवून वरच्या पट्टीला पाडलेल्या भोकातून जोड भरावा, ज्याला प्लग वेल्ड म्हणतात आणि जो कारखान्यातल्या स्पॉट वेल्डची जागा घेतो. मग एक पट्टी व्हाइसमध्ये धरून दुसरी पक्कडीने सोलून काढावी. जोड अलगद सुटला आणि खाली गुळगुळीत खूण राहिली, तर करंट कमी पडला किंवा पत्रा स्वच्छ नव्हता. जोडाची गुंडी एका पट्टीवर घट्ट राहून दुसऱ्या पट्टीत तेवढे भोक फाटले, तर बटणाच्या त्या जागेची खूण शेजारी पेनाने करून ठेवावी आणि त्याच खुणेवर गाडीच्या तितक्याच जाडीच्या पत्र्याचे काम सुरू करावे.